आराखड्याआधी विचारा, आणि विचारलं ते अंदाजपत्रकात दिसू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मध्यम आकाराच्या महापालिकेत तुम्ही अभियंता आहात. ‘स्मार्ट आणि शाश्वत’ कामांसाठी निधी आला आहे आणि त्यात नागरिकांचा सहभाग सक्तीचा आहे. पण सभेला तीस-चाळीस माणसं येतात, त्यातली निम्मी निवृत्त, उरलेली जुनी तक्रार घेऊन आलेली, आणि शेवटी आराखडा होता तसाच मंजूर होतो. मग लोकांना बरोबर घेऊन शहर घडवायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? आणि तक्रारींसाठी ॲप करावं का?

उत्तर पुण्याच्या आधाराने देते. माझं बहुतेक काम इथल्या रस्त्यांवर आणि वस्त्यांमध्ये झालं आहे. शिवाय या विषयातले जवळजवळ सगळे प्रयोग या शहरात होऊन गेलेत, जमलेले आणि फसलेले दोन्ही.

आधी सभेचं बोलू. माणसं कमी येतात ती उदासीन असतात म्हणून नव्हे. संध्याकाळचे दोन तास घालवून आपल्या बोलण्याने काही हलणार नाही, हा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो. म्हणून सभेची तारीख काढण्याआधी वरिष्ठांबरोबर बसा आणि एका कागदावर तीन रकाने आखा. या कामात काय ठरून गेलं आहे, काय अजून बदलू शकतं, आणि काय सर्वस्वी लोकांवर सोडता येईल. मलवाहिनीचा व्यास लोकांना विचारायचा नसतो. तिच्यासाठी गल्ली कोणत्या महिन्यात खोदायची, टँकर कुठून वळवायचा, खोदल्यावर वरचा रस्ता कसा हवा, हे विचारायचं असतं. तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल तर सभा घेऊच नका, माहितीपत्रक वाटा. लोकांना ते चालतं. न चालणारी गोष्ट एकच, ठरलेलं असताना विचारल्याचा देखावा.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. हा आकडा काही जण लोकसहभागाचा पुरावा म्हणून सांगतात. मला तो नेमका उलट वाटतो. आपल्या शाळेच्या मैदानावर काय आलं किंवा घराच्या दारातून किती रुंद रस्ता गेला, हे ज्यांना छापील नकाशा पाहून पहिल्यांदा कळलं, त्या माणसांचे ते अर्ज होते. पुढे मुदतीत काम झालं नाही म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला आणि मंजुरी यायला जानेवारी २०१७ उजाडलं. मुंबईत तर २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि त्यातल्या चुकांवर एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्येच तो नव्याने करण्याचे आदेश निघाले.

यातून तुमच्या कामाला उपयोगी पडेल असं एकच सांगते. प्रस्तावित नकाशा दाखवण्याआधी सध्याच्या जागेचा नकाशा दाखवा. तो वॉर्ड ऑफिसमध्ये, शाळेत, देवळाच्या ओवरीत जमिनीवर अंथरा आणि लोकांच्या हातात स्केचपेन द्या. इथे विहीर आहे, तुम्ही दाखवलेला हा रस्ता मुळात नाहीच, हा नाला तुमच्या नकाशात सरळ आहे पण प्रत्यक्षात गॅरेजच्या मागून वळतो. असल्या दुरुस्त्या तासाभरात मिळतात, आणि त्या करताना माणसं भांडत नाहीत, कारण अजून कुणाचं काही जाणार नसतं. प्रस्ताव आला की प्रत्येक जण आपला प्लॉट राखायला येतो.

आता पैशाचं. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात जागा दिली. पद्धत साधी आहे. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज भरून आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं. बराच काळ एका कामाला ५ लाखांची मर्यादा होती. कनिष्ठ अभियंत्याने ते तपासायचं, प्रभाग समितीने पुढे पाठवायचं, मग ते अंदाजपत्रकात छापून येतं. देशात इतकी वर्षं टिकलेले असे प्रयोग फार थोडे आहेत, आणि ही गोष्ट पुण्याने मिरवावी अशीच आहे. तरी जवळून पाहिलं की त्याची मर्यादा कळते. सूचना बहुतेक पदपथ, बाकडी, दिवे, पावसाळी लाइन, चेंबरची झाकणं यांच्या असतात. यात वाईट काही नाही. अडचण पुढे येते. अर्ज नाकारला तर का नाकारला हे कळत नाही. मंजूर झाला तर काम कधी होणार हे कळत नाही. झालं तर ते आपल्या अर्जातून झालं की माननीयांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, ‘स’ यादीतून (अंदाजपत्रकात त्यांनी सुचवलेल्या कामांची यादी), हे फलकावरून ओळखू येत नाही. फलकावर अर्थातच माननीयांचं नाव असतं.

तुमच्या शहरात असं काही सुरू करणार असाल तर मर्यादा ५ लाख ठेवायची की १० लाख, यावर वेळ घालवू नका. प्रत्येक अर्जाला लेखी उत्तर जाईल याची सोय आधी करा. ‘जागा रेल्वेची आहे, आपल्याला काम करता येत नाही’ एवढी एक ओळही पुरते. नकाराचं कारण कळलेला माणूस पुढच्या वर्षी जास्त चांगली सूचना घेऊन येतो, काहीच न कळलेला पुन्हा फिरकत नाही. आणि नगरसेवकांना या प्रक्रियेच्या बाहेर ठेवण्याचा मोह टाळा. पुण्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात कामं झाली, पण तक्रार घेऊन जायचं दार गेलं. निवडून आलेला माणूस कितीही त्रासदायक असला तरी मत मागायला त्याला त्याच गल्लीत परत यावं लागतं. सल्लागाराला तसं यावं लागत नाही, हे सल्लागार म्हणूनच सांगते.

स्मार्ट सिटी मिशनचा अनुभवही याच चष्म्यातून पाहा. जून २०१५ मध्ये मिशन जाहीर झालं, जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत भुवनेश्वरपाठोपाठ पुण्याचा क्रमांक लागला. त्यासाठी घरोघर अर्ज वाटून, भरून घेऊन लोकांची मतं जमवली होती आणि मोहिमेचा झपाटा खरोखर मोठा होता. एवढं करून सर्वांगीण विकासासाठी निवडला गेला तो औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग, शहराच्या मानाने आधीच बऱ्या स्थितीतला. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या किंवा हडपसरच्या माणसाला ‘तुमच्या शहरात काय हवं’ हे विचारलं गेलं, पण पैसे कुठे जातील यावर त्याचा हात पोचला नाही. शिवाय मिशनच्या रचनेत कामं त्यासाठीच स्थापन केलेल्या वेगळ्या कंपनीने करायची होती. प्रभाग समिती त्या रचनेत बसतच नव्हती. मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. अशा योजनेतून जे उभं राहतं ते सांभाळायचं शेवटी महापालिकेच्याच पथ, विद्युत, उद्यान खात्यांना, म्हणजे तुम्हालाच. तेव्हा निधी कुठूनही येवो, पहिल्या दिवसापासून त्या खात्याचा माणूस बैठकीत बसवा.

तरी औंधमधून एक चांगली गोष्ट शिकण्यासारखी आहे. परिहार चौक ते ब्रेमेन चौक हा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता बदलताना पदपथ रुंद करायचे होते, पार्किंग कमी होणार होतं, आणि दुकानदारांचा विरोध स्वाभाविक होता. तिथे कायमचं काँक्रीट ओतण्याआधी तात्पुरत्या साहित्याने रस्ता आखून पाहिला गेला. ही पद्धत मी आता कुठल्याही रस्त्यासाठी धरते. कोन, दोरी, चुन्याची किंवा रंगाची आखणी, चार कुंड्या, दोन बाकडी. खर्च किरकोळ. कागदावरचा ‘तीन मीटर पदपथ’ सामान्य माणसाला दिसत नाही, चुन्याची रेघ दिसते. दोन दिवसांत कळतं की रिक्षा कुठे थांबणार, दुधाचा टेम्पो पहाटे कुठे लागतो, शाळेची बस वळताना कुठे अडते, आजोबा कुठल्या ठिकाणी खाली उतरून वाहनांतून चालायला लागतात. त्या रेघा पुसून दुसरीकडे मारता येतात. काँक्रीट ओतलेलं असलं की अभियंत्याला आपली रेघ राखावी लागते आणि दुकानदाराला आपला विरोध.

दुकानदारांचं म्हणणं नेहमी एकच असतं: आमचं गिऱ्हाईक गाडीनेच येतं. यावर वाद घालू नका, व्याख्यान तर मुळीच देऊ नका. त्यांना एक कोरा तक्ता द्या आणि एका शनिवारी प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘कसे आलात?’ विचारून खुणा करायला सांगा. मोजणी त्यांची, गल्ला त्यांचा. माझ्या अनुभवात पायी, रिक्षाने किंवा बसने येणारी माणसं दुकानदाराच्या अंदाजापेक्षा जास्त निघतात. काही दुकानं मात्र खरंच गाडीवर चालतात, फर्निचर, टायर, किराण्याचे ठोक व्यापारी. त्यांच्यासमोर माल उतरवायची जागा आणि वेळ आखून द्यायला हवी, आणि ती कुठे हवी हे त्यांच्याच तक्त्यातून कळतं. लक्ष्मी रस्त्यावर महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, एका दिवसापुरती वाहनं बंद. कायमचं वाहनमुक्त करा म्हणून सभा घेतली असती तर खुर्च्या फेकल्या गेल्या असत्या. एका दिवसाला माणसं सरावतात आणि स्वतःच पुढचं बोलायला लागतात.

याच्या उलट पार्किंग धोरणाचं पाहा. मार्च २०१८ मध्ये पुण्याच्या मुख्य सभेने पैसे देऊन पार्किंगचं धोरण मंजूर केलं, आधी पाच रस्त्यांवर करून पाहू असं ठरलं आणि पुढे ते कागदावरच अडकलं. धोरण तांत्रिकदृष्ट्या बरं होतं, मी त्याच्या बाजूची आहे. पण लोकांपर्यंत ते पोचलं ते ‘आता घरासमोर गाडी लावायला पैसे’ या एका वाक्यात. जमणारे पैसे कुठे जातील हे कुणालाच दिसत नव्हतं. या रस्त्यावर जमलेल्या शुल्कातून याच रस्त्याचा पदपथ आणि याच मार्गाच्या बस, असं अंदाजपत्रकातल्या स्वतंत्र लेखाशीर्षासकट बांधून दिलं असतं तर निदान अर्धे लोक ऐकायला थांबले असते. सार्वजनिक सायकलींचंही तेच. २०१७ च्या अखेरीस रंगीबेरंगी सायकली रस्तोरस्ती आल्या, दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्या मोडल्या, नाल्यात टाकल्या म्हणून पुणेकरांना बोल लावणं सोपं आहे. ज्या शहराला एके काळी सायकलींचं शहर म्हणत, तिथल्या माणसाला सायकल चालवायला शिकवायची नव्हती. त्याला सलग, पार्किंग नसलेला मार्ग हवा होता.

आता माहितीचं, म्हणजे ज्याला ‘स्मार्ट’ म्हणतात त्याचं. तुमच्या प्रस्तावात नियंत्रण कक्ष, कॅमेरे, पर्यावरण सेन्सर असणार हे न पाहताही सांगते. मला त्यांचं वावडं नाही. माझा प्रश्न इतकाच की ती माहिती कुणाला दिसते आणि ती पाहून कोण काय करतं. पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने नव्वदच्या दशकापासून वस्त्यांचे नकाशे केले. प्रत्येक घराची नोंद, कुठे शौचालय आहे, कुठे नाही, ड्रेनेजची लाइन घरापासून किती लांब. नोंदी घेण्यात वस्तीतल्या बायका-मुलींचा हात असतो आणि नकाशा वस्तीलाही दाखवला जातो. त्यावरून ‘एक घर एक शौचालय’ हे काम उभं राहिलं: जिथे ड्रेनेज जवळ आहे ती घरं आधी, बांधकामाचं साहित्य संस्था देते, बांधून घेण्याचा भार कुटुंब उचलतं. हीच पद्धत सांगली-कोल्हापूरकडेही गेली. माझ्या मते महाराष्ट्रातल्या शहरांत झालेलं सर्वांत ‘स्मार्ट’ काम हे आहे, आणि त्यात नियंत्रण कक्षाचा चकचकीत पडदा कुठेच नाही.

आंबिल ओढ्याचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देते. कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा पेशवाईत शहराबाहेरून वळवलेला. त्यानंतर शहरच त्याच्या काठावर येऊन बसलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि सहकारनगर, अरण्येश्वरची टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल अशा भागांत पाणी घुसलं. पुणे आणि परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसं गेली. अशा वेळी कात्रजला पाणी चढल्याची खबर खाली पोचायला हाताशी असतो तो अगदी थोडा वेळ. सेन्सर असेल तर ती खबर नियंत्रण कक्षात नक्की येईल. पण रात्री साडेदहाला नियंत्रण कक्षातून टांगेवाले कॉलनीतल्या तळमजल्याच्या दारापर्यंत ती कोण नेणार? हा दुवा कुठल्याही निविदेत नसतो, आणि तो फक्त तिथे राहणाऱ्या माणसांतूनच तयार होतो.

तुमच्या शहरात नदी किंवा नाला असणारच, म्हणून हे जरा तपशिलात सांगते. काठच्या वस्तीत जुन्या लोकांबरोबर फिरा. भिंतींवर कुठवर पाणी आलं होतं हे ते हात लावून दाखवतात. त्या खुणा मोजून पुलाच्या खांबावर तीन रंगांत पातळ्या रंगवा: इथवर आलं तर लक्ष ठेवा, इथवर आलं तर सामान वर चढवा, इथवर आलं तर घर सोडा. कोणत्या पातळीला काय करायचं हे वस्तीने ठरवायचं. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, याची यादी अंगणवाडी सेविका आणि मंडळाच्या पोरांकडे असू द्या, आणि दर मे महिन्यात ती नवी करा. गणेश मंडळाचा लाऊडस्पीकर इथे तुमच्या ॲपपेक्षा कामाचा. त्याला पोलिसांची आगाऊ परवानगी मिळवून ठेवणं हे तुमचं काम. जूनआधी एकदा रात्री रंगीत तालीम करा. दिवसा केली तर तिचा उपयोग नाही, कारण पाणी आलं तेव्हा माणसं घरी होती.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्यात गेली, तेव्हा खडकवासल्यातून विसर्ग किती सोडला आणि कधी, हे पाटबंधारे खात्याला माहीत होतं. विसर्ग वाढल्याची सूचना वेळेत मिळाली नाही, अशी तिथल्या अनेक रहिवाशांची तक्रार होती. शिवाय ‘इतके हजार क्युसेक’ ही भाषा रहिवाशाच्या कामाची नाही. त्याला ‘तासाभरात तुमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी’ असं सांगावं लागतं. हे भाषांतर खाती आपण होऊन करत नाहीत, कुणीतरी मागे लागून करून घ्यावं लागतं.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. टोरोंटोच्या क्वेसाइड भागात २०१७ मध्ये मोठा गाजावाजा करून सेन्सरांनी भरलेली वसाहत जाहीर झाली. माहितीची मालकी कुणाची या प्रश्नावर लोक अडून बसले आणि मे २०२० मध्ये ती उभारणाऱ्या कंपनीने कामच सोडलं. तिने कारण कोविडमुळे आलेल्या आर्थिक अनिश्चिततेचं दिलं, पण विश्वास त्याआधीच उडाला होता. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तुम्ही एवढं करा: कॅमेरा कुठे आहे, चित्रण किती दिवस ठेवतात, कोण पाहू शकतं, हे त्याच चौकात मराठीत फलकावर लावा.

‘नागरिक’ म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं हे तपासायला कचऱ्यासारखा विषय नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघर कचरा गोळा करायचा, ओला-सुका वेगळा घ्यायचा, घराने ठरलेलं शुल्क थेट वेचकाला द्यायचं, आणि सुक्यातलं विकून आलेले पैसे तिचेच. हजारो वेचकांना त्यातून नियमित काम मिळालं, महापालिकेचा वाहतूक आणि विल्हेवाटीचा खर्च वाचला, आणि कचरा वेगळा न करणाऱ्या घराला रोज सकाळी दारातच कुणीतरी विचारू लागलं. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी दरवेळी कुणाला तरी ट्रकवाला ठेकेदार बरा वाटू लागतो, हेही खरं. तुमच्या शहरात कचऱ्याचा प्रस्ताव असेल तर आधी हे शोधा की आज तो कोण वेचतं. त्या माणसांना न विचारता यंत्र आणलंत तर त्यांची रोजीरोटी जाईल आणि तुमचा सुका कचराही वर्गीकरणाशिवाय येईल.

शहराच्या हद्दीबाहेरच्यांचंही असंच. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर पडला. वास, दूषित पाणी, आगी त्या गावांनी सोसल्या, गाड्या अडवल्या तेव्हा शहराला त्यांची आठवण झाली. २०१७ मध्ये ती गावं महापालिकेत आली आणि नंतर पुन्हा वेगळी होऊन त्यांची नगरपरिषद झाली. ‘शाश्वत’ शब्द वापरताना आपला कचरा, सांडपाणी, खडी कुठल्या गावाच्या वाट्याला जाते हे नकाशावर दाखवा, आणि तिथल्या माणसांना सभेचं निमंत्रण धाडा.

लोकांबरोबर घर कसं आखायचं हे येरवड्यात पाहायला मिळतं. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण मोहिमेतल्या शहरी गरिबांच्या घरबांधणी योजनेत २००९ नंतर मदर तेरेसा नगर, शीला साळवे नगर, नेताजी नगर अशा वस्त्यांत जागच्या जागी घरं बांधली गेली. महिला मिलन या बचत गटांच्या जाळ्याने आणि स्पार्क संस्थेने वास्तुविशारदांबरोबर ते काम केलं. सगळी वस्ती पाडून इमारती उभ्या करायच्या नाहीत, फक्त कच्ची घरं नवी करायची, पक्की तशीच राहतील, गल्ल्या आणि शेजार मोडणार नाही, असं ठरलं. घर २७० चौरस फुटांचं आणि खर्चातला दहा टक्के वाटा कुटुंबाचा. ज्यांच्या पायाखाली तेवढी जागा नव्हती त्यांचं घर मजल्यांवर गेलं. काही ठिकाणी शेजारच्या दोन-तीन कुटुंबांनी जागा एकत्र करून एकच इमारत बांधली, कुणी तळमजला, कुणी वरचा. हा तोडगा त्यांनी आपसात काढला, लॉटरीने काढला नाही. काम वेळखाऊ होतं, संक्रमण शिबिर, भाडं, उशीर यांचा त्रास झालाच. तरी माणसं त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांजवळ, त्याच कामाच्या ठिकाणाशेजारी राहिली. पुनर्वसनाच्या उंच इमारतींत लिफ्ट बंद पडल्यावर काय होतं हे तुम्ही पाहिलंच असेल.

सभेला कोण येत नाही याची यादी करणं हे सभेला कोण आलं याच्या हजेरीपेक्षा महत्त्वाचं. भाडेकरू, घरकाम करणाऱ्या बायका, वसतिगृहातले विद्यार्थी, व्हीलचेअरवाले, शाळकरी मुलं. त्यांना बोलावू नका, त्यांच्याकडे जा: नळाला पाणी यायच्या वेळी, पाळणाघर सुटताना, सकाळच्या मजूर अड्ड्यावर, रविवारी. फेरीवाल्यांबाबत तर २०१४ चा कायदाच आहे. शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांचे निवडून आलेले हवेत. तुमच्याकडे ही समिती शेवटची कधी बसली ते विचारून पाहा. तसंच २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आल्या, म्हणजे मतदान केंद्रांच्या पातळीवर नागरिकांची सभा. बहुतेक शहरांत त्या भरतच नाहीत. नव्या समितीचा प्रस्ताव मांडण्यापेक्षा या कायद्यातल्या समित्या आणि सभा भरवणं सोपं, आणि त्यांना कुणी ‘बाहेरच्या लोकांनी चालवलेल्या’ म्हणू शकत नाही.

ॲपबद्दल विचारलंच आहे म्हणून: तक्रारीचं ॲप करा, पण तक्रार ‘निकाली’ काढायचं बटण अभियंत्याकडे ठेवू नका. काम झाल्याचा फोटो अभियंत्याने टाकावा, बंद करायचं की नाही हे तक्रारदाराने ठरवावं. त्याने आठ दिवस काही केलं नाही तर आपोआप बंद. एवढ्या बदलाला तुमच्या खात्यातून सर्वांत जास्त विरोध होईल. तेव्हा आधी एका प्रभागात, एकाच विषयावर, पथदिवे घ्या, करून दाखवा. दिवा लागला की नाही यावर दोन मतं होत नाहीत.

आणि या सगळ्याचा खर्च पूर्वगणनपत्रकात, म्हणजे कामाच्या एस्टिमेटमध्ये, धरा. नकाशे छापणं, तात्पुरती आखणी, संध्याकाळी काम करणाऱ्या समन्वयकांचं मानधन, मोजणी, उत्तरांची पत्रं. स्वतंत्र बाब म्हणून दाखवलं नाही तर लेखापरीक्षणात ते पहिल्यांदा कापलं जातं. निविदेत एक अट घाला: काम पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी, दोषदायित्वाच्या मुदतीत (म्हणजे दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करायचा त्या काळात), ठेकेदार, अभियंता आणि त्या भागातले रहिवासी एकत्र चालत पाहणी करतील आणि त्या पाहणीची नोंद झाल्याशिवाय अनामत परत जाणार नाही. पाहणीची तारीख वर्क ऑर्डरमध्येच छापा, आणि ती कामाच्या जागेवरच्या फलकावरही लिहा, माननीयांच्या नावाखाली जागा उरली असेल तिथे.